हॉस्पिटलवाला फिल्टर

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाने ‘आपण काय करता?’ असं विचारलं की पूर्वी मी ऐटीत ‘सर्व्हिस इंजिनिअर’ म्हणून सांगत असे. आता सांगत नाही. ‘कसली सर्व्हिस?’ हा पुढचा प्रश्न येतोच, आणि ‘एसीची’ हे उत्तर ऐकल्याबरोबर त्याच्या चेहऱ्यावरचा आदर मावळतो आणि तिथे आशा उगवते. मठ्ठ्याची वाटी बाजूला सारून तो आपल्या बेडरूममधल्या एसीचं सगळं दुखणं माझ्यासमोर मांडतो. डॉक्टरला लोक जीभ काढून दाखवतात, मला मोबाइलवर गळणाऱ्या एसीचे व्हिडिओ दाखवतात. फरक एवढाच की डॉक्टरने सांगितलेलं ते निम्मं तरी ऐकतात.

सत्तावीस वर्षं मी ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात हवा थंड करतो आहे. मूळचा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील बाजार समितीत हमाल होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, वर्षभराचा रेफ्रिजरेशनचा कोर्स केला आणि ठाण्याला आलो. तिथे माझं इंग्रजी ऐकून तीन ऑफिसांनी मला पाण्याचा ग्लास देऊन परत पाठवलं. चौथ्या ठिकाणी आमच्या मालकांनी इंग्रजी तपासलंच नाही. शिडीवर चढता येतं का, एवढंच विचारलं. कार्डावर माझ्या नावाखाली ‘इंजिनिअर’ हा शब्द त्यांनीच छापून दिला. त्या माणसाचं मीठ मी खाल्लं आहे, त्याचे उपकार विसरलेलो नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तसं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आमच्या पाटीवर ‘हीटिंग अँड कूलिंग’ असं लिहिलेलं आहे. ठाण्यात हीटिंग! इथे थंडी पडली हे आम्हाला रिक्षावाल्याने कानाला मफलर गुंडाळला की कळतं. तरी घोडबंदर रोडवरच्या एका गृहस्थांनी गरम-गार दोन्ही करणारं मशीन हट्टाने बसवून घेतलं. संक्रांतीच्या सकाळी ते पंधरा मिनिटं गरम बाजूने चालवतात, घरातले सगळे घामाघूम झाले की बंद करतात आणि तिळगूळ वाटतात. यंत्राचं सार्थक होतं.

पण माझ्या धंद्यात खरी गंमत यंत्राची नसते. ती फिल्टरची असते.

फिल्टर म्हणजे गाळणी. एसीचा पंखा खोलीतली हवा ओढतो, ती हवा गाळणीतून जाते, मग थंडगार नळ्यांवरून जाते आणि परत खोलीत येते. एवढंच शास्त्र. गाळणी जाड असेल तर धूळ आत शिरते. बारीक असेल तर धूळ अडते, पण हवाही अडते. घरात चहाची गाळणी असते, रव्याची चाळणी असते, मैद्याची असते. मैद्याच्या चाळणीतून चहा गाळायला बसलात तर चहा अगदी शुद्ध मिळेल, फक्त पाहुणे उठून गेल्यावर मिळेल. कोणत्या घराला कोणती गाळणी, हे त्या घरातल्या यंत्राच्या पंख्यात किती दम आहे त्यावरून ठरतं. हे वाक्य मी आयुष्यात हजारदा तरी बोललो असेन. ते ऐकून घेतलेली माणसं मी एका पंगतीत बसवू शकेन, आणि पंगत मोठी नसेल.

कारण फिल्टरवर आकडा छापलेला असतो. आकडा जितका मोठा तितकी जाळी बारीक. आणि आपल्या लोकांना आकडा दिसला की दहावीचा निकाल आठवतो. आठ नंबरचा फिल्टर पुरेसा आहे म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो, जणू मी त्याच्या मुलाला आर्ट्सला घाला म्हणालो. ‘तेराचा आहे ना? मग तेराचा द्या. त्याच्या वरचा नाही का?’ त्याच्या वरचे असतात. ते ऑपरेशन थिएटरमध्ये असतात आणि त्यांच्यासाठी वेगळे, बैलासारखे ताकदवान पंखे असतात. हे मी सांगतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, ‘तोच. हॉस्पिटलवाला.’

दुसरी गोष्ट वासाची. धूळ म्हणजे कण, ती जाळीत अडकते. वास म्हणजे वायू. तो जाळीतून असा जातो, जसा तारेच्या कुंपणातून डास. डोंबिवलीत औद्योगिक वसाहतीकडून वारा आला की जो वास येतो, त्याला धुळीचा फिल्टर काहीही करत नाही, मग नंबर आठ असो की अठरा. त्याला कोळशाचा थर लागतो, आणि तो कोळसाही काही महिन्यांत भरून निकामी होतो. हे ऐकल्यावर कल्याणच्या एका कापड-व्यापाऱ्याने स्वतःच तोड काढली. त्याने फिल्टरवर अत्तर शिंपडलं. चिकट जाळीवर आठवड्याभरात इतकी धूळ बसली की ती मी गालिच्यासारखी गुंडाळून काढली. गालिचा सुगंधी होता, हे मान्य करायला हवं.

आणि तिसरी गोष्ट स्वच्छतेची. ही आमच्या मराठी मध्यमवर्गाची खास. रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला कव्हर, मिक्सरला झबलं, फ्रिजच्या हँडलला टॉवेल. नवी वस्तू मळता कामा नये. डोंबिवलीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी तक्रार केली की नवा फिल्टर घातल्यापासून एसी नुसता घरघरतो. मी जाळी उघडली तर फिल्टर त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीसकट आत. ‘मळू नये म्हणून,’ ते म्हणाले. मळणं हेच त्याचं काम आहे, असं मी म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी संस्कारांवरच बोट ठेवलं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. ज्यावर मला हसता येत नाही तो प्रसंग घोडबंदर रोडवरचा आहे.

तिथल्या टॉवरांना युरोपातल्या गावांची नावं असतात आणि पाण्याला टँकर असतो. अशा एका टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर परेश देवरुखकर राहतात. आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बायको सायली, तीही नोकरी करते. परेशच्या आई प्रमिलाबाई डोंबिवलीला, दोन खोल्यांच्या स्वतःच्या घरात एकट्या राहत होत्या. नवरा छापखान्यात होता, लवकर गेला. बाईंनी साड्यांना फॉल-पिको करून, ब्लाऊज शिवून मुलाला शिकवलं. घराचे हप्तेही त्या शिलाईतूनच फिटले. आता वय चौऱ्याहत्तर आणि छातीचा त्रास. डोंबिवलीत वास सुटला की त्यांना धाप लागायची. दोनदा हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून जपा. म्हणून परेश त्यांना ठाण्याला घेऊन आले. मुलगा वाईट नव्हता. आईवर जीव होता त्याचा. फक्त तो जीव त्याने इंटरनेटवरून शिकून घेतलेला होता.

या फ्लॅटांत भिंतीवर एसी दिसत नाही. यंत्र पीओपीच्या छतावर लपवलेलं असतं. पॅसेजच्या छतातल्या एका मोठ्या चौकोनी जाळीतून ते सगळ्या घराची हवा ओढतं आणि खोल्याखोल्यांत सोडतं. त्या जाळीमागे फिल्टर असतो. परेशनी आम्हाला बोलावलं आणि लॅपटॉपवर एक तक्ता उघडून दाखवला. त्यांना सगळ्यात वरचा नंबर हवा होता. मी चाळणीचं सगळं पुराण सांगितलं. या यंत्राचा पंखा लहान आहे, त्याला ही जाळी ओढवणार नाही, आईंच्या खोलीत स्वतःचा पंखा असलेलं वेगळं हवा शुद्ध करायचं यंत्र ठेवा, आणि इथे मधल्या नंबरचा फिल्टर घालून तो वेळेवर बदला, असं म्हणालो. परेशनी विचारलं, ‘तुमचं शिक्षण?’ मी सांगितलं. ते ‘ओके’ म्हणाले आणि त्यांनी माझ्यासमोर मालकांना फोन लावला.

मालकांनी मला नंतर बाजूला घेऊन समजावलं. त्या सोसायटीतल्या तीन टॉवरांच्या देखभालीचं कंत्राट आमच्याकडे यायचं होतं, आणि परेश कमिटीत होते. ‘अरे, गिऱ्हाईक म्हणजे देव,’ मालक म्हणाले, ‘देवाने दुपारी काकडा मागितला तर पुजारी वाद घालतो का? लावून टाक.’

मी लावून टाकला. कामाच्या फॉर्मवर ग्राहकाची सही घेतली, माझी केली. हे मी केलेलं आहे. कोणी माझा हात धरून करवलेलं नाही.

तीन आठवड्यांनी तक्रार आली. घर थंड होत नाही, हॉलमध्ये छतातून पाणी ठिबकतंय, आणि आईंचा खोकला वाढलाय. मी शिडी घेऊन गेलो. दुपारची वेळ. परेश जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये होते, कानाला हेडफोन. सायलीताईंनी दार उघडलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. आई रात्ररात्र बसून काढतात. खिडक्या उघडायच्या नाहीत असा परेशचा नियम. उदबत्ती बंद, फोडणी बंद, आईंची जुनी गोधडीही धूळ धरते म्हणून बाहेर काढून टाकलेली. आणि शनिवारी डोंबिवलीचं घर बघायला एजंट गिऱ्हाईक घेऊन येणार होता. परेशचं म्हणणं, त्या हवेत आईला परत पाठवायचंच नाही, मग घर ठेवून काय करायचं? आई हो म्हणत नव्हत्या, नाहीही म्हणत नव्हत्या. ‘इथे हॉस्पिटलचा फिल्टर असून एवढा त्रास होतोय, मग तिथे काय होईल, असं तो म्हणतो,’ सायलीताई म्हणाल्या, ‘आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते आईंना सुचत नाही.’

प्रमिलाबाई पॅसेजच्या तोंडाशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. बारीक चणीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बोलताना मध्ये थांबून श्वास घ्यायच्या, पण डोळे काही थांबत नव्हते. मी शिडी कुठे टेकवतो, पाना कोणता घेतो, सगळं बघत होत्या.

मी जाळी उघडली आणि क्षणभर मला कळेना की मी काय बघतोय. फिल्टरला झबलं घातलेलं होतं. अबोली रंगाच्या जुन्या सुती साडीचं, कडेने दुमडून शिवलेलं, चार कोपऱ्यांना नाड्या. माप इतकं नेमकं की एक सुरकुती नव्हती.

‘मीच शिवलं,’ खालून बाई म्हणाल्या. ‘एवढी महागाची वस्तू, चार दिवसांत काळी होईल. तुम्ही लावलीत त्याच दिवशी सफाईवाल्या मावशींना शिडीवर चढवलं आणि घालून घेतलं. दर रविवारी काढून धुवायचं, असं ठरवलंय.’

टेबलावरून परेशनी हेडफोन काढले. आले, वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. आई, हा काय रुमाल आहे का, ही टेक्निकल गोष्ट आहे, मी इतका जिवाचा आटापिटा करतो आणि तू त्यावर साडी बांधतेस, असं बरंच बोलले. आवाज चढवला नाही. आईशी कधीही आवाज न चढवणाऱ्या मुलाने बोलावं तसं, एकेक शब्द वेगळा करून बोलले. मग मीटिंगमध्ये परत गेले.  प्रमिलाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला.

मी माझं काम केलं. आमच्याकडे हवा मोजायचं यंत्र असतं, पण पहिली परीक्षा मी अजूनही कागदाने घेतो. जाळीशी पातळ कागद धरायचा. यंत्र नीट ओढत असेल तर कागद चिकटून बसतो. मी कव्हरसकट कागद धरला, तो पडला. कव्हर काढलं, पुन्हा धरला, पुन्हा पडला. मग तो हॉस्पिटलवाला फिल्टरच बाहेर काढला आणि धरला. कागद फट्‌कन जाऊन चिकटला. साडी धुऊन धुऊन इतकी विरलेली होती की हवेला तिची खबरही नव्हती. दम कोंडला होता तो फिल्टरने.

मग बॅटरी घेऊन आत डोकावलो. हवा पुरत नसल्याने थंड नळ्यांवर बर्फ धरला होता, तो वितळून पाणी गळत होतं. आणि त्याहून वाईट गोष्ट पुढे दिसली. पंख्याला समोरून हवा मिळेना, तर त्याने ती बाजूच्या फटींतून ओढली होती. छतावरच्या अंधारातली, बिल्डरच्या माणसांनी टाकून दिलेल्या पीओपीच्या भुकटीतली, कधीच न झाडलेली हवा. फटींच्या कडेने पांढरे ओघळ दिसत होते. ती हवा कुठल्याही गाळणीतून न जाता थेट आईंच्या खोलीत पडत होती. तीन आठवडे त्या बाईने छतातली धूळ माझ्या सहीने छातीत घेतली होती.

जिन्यात जाऊन मी मालकांना फोन केला आणि जे पाहिलं ते सांगितलं. ते ऐकत होते. फिल्टर, बर्फ, फटी. मग मी कव्हरचं सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. म्हाताऱ्या बाईने साडी बांधली? मग प्रश्नच मिटला. तसा रिपोर्ट लिही, फिल्टर हळूच बदलून दे, शुक्रवारी कमिटीची मीटिंग आहे. ‘खोटं लिही म्हणत नाही मी,’ मालक म्हणाले. ‘साडी होती ना? मग साडी होती असं लिही.’

धंद्यात इतकी वर्षं काढलेला माणूस सल्ला देतो तो किती बिनचूक असतो बघा. साडी होतीच.

मी टेबलाच्या कोपऱ्यावर बसून आमच्या छापील फॉर्मवर इंग्रजीत रिपोर्ट लिहिला. ज्या इंग्रजीसाठी मला तीन ऑफिसांनी परत पाठवलं होतं, ते इंग्रजी त्या दिवशी झरझर वाहत होतं. वापरणाऱ्याकडून अडथळा निर्माण झाला, अडथळा दूर केला, यंत्र व्यवस्थित. वर्मावर घाव न घालता माणूस मारायचा असेल तर इंग्रजीसारखी भाषा नाही. परेशनी मीटिंग म्यूट केली, फॉर्म वाचला आणि सहीसाठी पेन हातात घेतलं.

‘काय लिहिलंय?’ प्रमिलाबाईंनी विचारलं.

‘रिपोर्ट आहे, आई.’

‘माझं नाव आहे का त्यात?’

‘नाव नाही. यूजर म्हटलंय.’

‘म्हणजे मीच.’ त्या उठल्या, भिंतीला धरत टेबलापाशी आल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. थोडा वेळ त्यांना श्वास जमवायला लागला. ‘मला मराठीत वाचून दाखवा,’ त्या मला म्हणाल्या. ‘सावकाश वाचा.’

मी वाचायला लागलो. वापरणाऱ्याने फिल्टरवर बाहेरून कापड बसवल्यामुळे हवेचा प्रवाह बंद पडला... पहिलंच वाक्य माझ्या तोंडात कोरड्या भाकरीसारखं फिरायला लागलं. इंग्रजीत त्या वाक्यात कोणीच नव्हतं. मराठीत ते वाचलं आणि त्यात समोर बसलेली बाई आली.

‘पण दादा,’ त्या मध्येच म्हणाल्या, ‘कागद तर दोन्ही वेळेला पडला.’

‘आई, तू मध्ये बोलू नकोस,’ परेश म्हणाले. ‘त्यांना त्यातलं कळतं.’

‘कळतं म्हणून तर विचारतेय.’

 खोटं सांगत नाही, त्या वेळी मला वडील आठवले नाहीत, शाळा आठवली नाही, असलं काही आठवलं नाही. मालक आठवले. शिडीवर चढता येतं का म्हणून विचारणारे. या माणसाचं कंत्राट माझ्या हातून जाणार, एवढाच विचार डोक्यात होता. तो विचार बाजूला झाला नाही. तो तसाच असताना मी फॉर्म फाडला.

दुसरा फॉर्म घेऊन मी मराठीत लिहिलं. या यंत्राच्या ताकदीपेक्षा जास्त बारीक फिल्टर आमच्याकडून बसवला गेला. त्यामुळे यंत्राने छतावरची न गाळलेली हवा ओढली. ही हवा घरातल्या माणसांना त्रासदायक आहे. कापडाच्या आवरणाचा यात दोष नाही. लिहिता लिहिता मी मोठ्याने वाचत गेलो, कारण बाईंनी कान दिला होता.

परेशनी लॅपटॉप मिटला. मीटिंग चालू असताना मिटला, एवढं मी पाहिलं. ‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही बसवला?’

‘हो साहेब. तुम्ही मागितला, पण बसवला मी. माझ्या कार्डावर इंजिनिअर लिहिलेलं आहे, तुमच्या नाही.’

ते मला पुष्कळ बोलले आणि त्यातलं बरंचसं मला लागू होतं. सायलीताई सासूबाईंच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. बोलणं संपल्यावर प्रमिलाबाईंनी मला आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो मला सगळ्यात अवघड गेला. ‘आता हे नीट केलंत, फटी बुजवल्यात, की मग हवा कुठली चांगली? इथली की डोंबिवलीची?’

त्यांना कोणतं उत्तर हवं आहे ते मला दिसत होतं. शनिवारही दिसत होता. पण अर्ध्या तासात दोनदा खोटं बोलायची माझी तयारी नव्हती. ‘इथली,’ मी म्हणालो. ‘धूळ इथे कमी करता येईल. डोंबिवलीचा वास पूर्ण थांबवणारं माझ्याकडे काही नाही.’

परेशच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा सुटका दिसली. बाईंनी मान हलवली.

‘बरं. म्हणजे हे खरं सांगतायत,’ त्या मुलाला म्हणाल्या. ‘मग राहते मी इथे, खोकला जाईपर्यंत. पण घर विकायचं नाही, परेश. आज फिल्टर चुकला, उद्या आणखी काही चुकेल. मला परत जायला जागा असू दे.’

‘आई, मी तुझ्यासाठीच...’

‘माहितेय मला. म्हणून तर इतके दिवस गप्प बसले. एजंटला फोन कर.’

परेशनी लगेच केला नाही. गॅलरीच्या बंद काचेपाशी जाऊन उभे राहिले. मी छतावरच्या फटी बुजवायला घेतल्या, मधल्या नंबरचा फिल्टर त्यावरचा हवेच्या दिशेचा बाण पंख्याकडे करून बसवला, कागद चिकटवून दाखवला. शिडीवरून उतरत होतो तेव्हा ते फोनवर कोणाला तरी शनिवारचं नको म्हणून सांगत होते. फॉर्मवर त्यांनी सही केली नाही. प्रमिलाबाईंनी केली. पूर्ण नाव, मराठीत, एकेक अक्षर जोर देऊन.

ऑफिसात मालकांनी तो फॉर्म दोनदा वाचला. कंत्राट अर्थातच गेलं. मालक मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ‘तुला मी वर आणलं होतं रे,’ एवढंच म्हणाले, आणि पुढच्या महिन्यापासून मला कल्याणच्या घाऊक बाजाराकडे दिलं, केळी पिकवायच्या आणि भाजी ठेवायच्या थंड खोल्यांवर. गेली चार वर्षं मी तिथेच आहे. काम चांगलं आहे. केळ्यांनी आजवर मला इंटरनेटवरचा तक्ता दाखवलेला नाही. कधी कधी वाटतं, मालकांना आधीच, पहिल्याच दिवशी नाही म्हणालो असतो तर त्यांचं कंत्राटही राहिलं असतं आणि त्या बाईंचे तीन आठवडेही वाचले असते. पहिल्या दिवशी नाही म्हणायला हिंमत कमी लागते. नेमकी तीच माझ्याकडे नव्हती.

त्या प्रसंगानंतर वर्षभराने माझ्या मोबाइलवर परेश देवरुखकरांचा फोन आला. कंपनीच्या नाही, माझ्या. आवाजात आढेवेढे होते. आईंचा खोकला दोन महिन्यांत गेला होता. गणपतीला त्या आठ दिवसांसाठी म्हणून डोंबिवलीला गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. इकडून माणूस न्यायला गेला की त्यांच्याकडे शिवायला आलेले ब्लाऊज असायचे. वास सुटला की दार-खिडक्या लावून बसतात, तेव्हा तिथे कोळशाचा थर असलेलं हवेचं यंत्र ठेवायचं परेशच्या मनात होतं. आई कशाबशा तयार झाल्या होत्या.

‘कोणत्या नंबरचं घेऊ?’ परेशनी विचारलं. ‘तुम्ही सांगाल ते.’

मी म्हटलं, नंबर नंतर बघू, आधी मला खोलीचं माप हवं. लांबी किती, रुंदी किती, खिडकी कुठल्या बाजूला.

त्या खोलीत ते लहानाचे मोठे झाले होते. दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, सगळा अभ्यास शिलाई मशीनच्या आवाजात तिथेच बसून केलेला. 

‘आईला विचारून सांगतो,’ ते म्हणाले.